गाडीची वेळ विचारणाऱ्या काकांना

प्रिय काका,
प्रभूमध्ये सलाम.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता आणि काकूंना चहा टाकायला सांगता. म्हणून हे चारचौघांत लिहितो आहे. तुमचं नाव घालत नाही, तुम्हाला आवडणार नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत भंगाराची गाडी उतरवून घेणं हे माझं काम. मालात माती किती, तेल-पाणी किती, ते बघून वजनातली घट लिहायची. ती जरा कमी लिहिली तर गाडीमागे पाकीट द्यायला व्यापारी तयार होता. कुणाला पत्ताही लागला नसता. इकडे थोरलीच्या नर्सिंगच्या फीची तारीख जवळ आलेली. रात्री अंथरुणावर पडलो की आपोआप हिशेब सुरू व्हायचा, किती गाड्या झाल्या म्हणजे पहिला हप्ता निघेल.

तुमच्याआधी मी दुसऱ्यांकडे गेलो होतो. प्रार्थनेचा विषय म्हणून विश्वासानं सांगितलं, तर पुढच्या रविवारी लोक माझ्याकडे बघून कुजबुजत होते. एक ज्येष्ठ म्हणाले, असला विचार मनात येतो म्हणजे तुझा विश्वासच कच्चा. आणखी एकानं तर सांगितलं, घे की, त्यातला दशमांश चर्चच्या मंडळीला दे म्हणजे झालं. काका, त्या वाक्याचा राग अजून माझ्या डोक्यातून जात नाही. मिशनरी वायल्डरसाहेब १८५२ साली कोल्हापुरात सुवार्ता घेऊन आले. इतक्या पिढ्या वचन ऐकून आपण हे शिकलो? देवाला वाटा दिला की चोरी धुऊन निघते?

तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि एवढंच विचारलंत, "गाडी किती वाजता येती तुझी?"

मी म्हटलं, बुधवारी, संध्याकाळी सहाच्या पुढं. तुम्ही मान हलवलीत आणि आत बघून म्हणालात, "पोराला जेवायला वाढ." मी घरी निघालो तेव्हा खरं सांगायचं तर मला थोडं रितं वाटलं. एखादं वचन, डोक्यावर हात, काहीतरी मिळेल असं वाटलं होतं.

बुधवारी गाडी वजनकाट्यावर चढली आणि फोन वाजला. "जेवलास काय?" संध्याकाळी सहाला कोण जेवतं! मग तुम्ही दारातल्या शेवग्याला शेंगा धरल्याचं सांगितलंत, पंचगंगेचं पाणी चढत असल्याचं सांगितलंत. गाडीचं नाव नाही, पाकिटाचं नाव नाही. व्यापाऱ्याचा माणूस माझ्यासमोर ताटकळत उभा होता. मी फोन कानाला धरूनच घट लिहिली, होती तेवढी, आणि सही केली. त्यानंतर तुम्ही एकही बुधवार चुकवला नाहीत. दवाखान्यात होतात तेव्हा काकूंकडून फोन लावून घेतलात आणि धाप लागत असतानाही विचारलंत, "जेवलास काय?"

तुम्ही एसटीत कंडक्टर होतात हे ठाऊक होतं, पण गारगोटीच्या शेवटच्या गाडीचं तुम्ही फार उशिरा सांगितलंत. दिवसभर मोहाचं काही नसायचं. त्या गाडीला मात्र प्रवासी स्वतःच म्हणायचे, तिकीट राहू दे मास्तर, निम्मे घ्या. अंग दमलेलं, बाहेर अंधार, तपासणी होण्याची शक्यता नाही. तेव्हा तुमचे ड्रायव्हर मुद्दाम तुमच्याशी मोठमोठ्यानं बोलत राहायचे आणि तुम्ही त्यांना उत्तरं देत एकेक तिकीट फाडायचात. ते ड्रायव्हर ख्रिस्ती नव्हते, हेही तुम्ही आवर्जून सांगितलंत. चांगुलपणा असा कुठल्याही घरात जन्माला येतो. आमच्या काट्यावरचा माणूस नमाजी आहे. त्यानं आजवर एक किलो इकडचा तिकडे केलेला मी पाहिला नाही.

लूकच्या चौथ्या अध्यायात प्रभूला ४० दिवसांच्या उपासानंतर भूक लागते, नेमका तेव्हा सैतान भाकरीचा विषय काढतो. हरल्यावरही तो कायमचा जात नाही, संधी मिळेपर्यंत जातो. मोह वेळ बघून येतो, हे तिथं स्पष्ट लिहिलेलं आहे. आणि पकडले जाण्याच्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभूनं पेत्र, याकोब, योहान यांच्याकडे काय मागितलं? माझ्याबरोबर जागे राहा, एवढंच. तेवढंही त्यांच्यानं झालं नाही. तुम्ही माझ्या वेळेला जागे राहिलात, काका. परीक्षेबरोबर देव तिच्यातून निभावण्याचा उपायही करतो, असं पौल करिंथकरांना लिहितो. मी तो उपाय माझ्या मनात, माझ्या प्रार्थनेत शोधत होतो. तो तुमच्या जुन्या बटणांच्या फोनवरून येत होता.

मला कच्चा ठरवणाऱ्यांनी इब्री लोकांस पत्राचा चौथा अध्याय पुन्हा वाचावा. आपल्यासारखीच सर्व प्रकारे परीक्षा झालेला आणि तरी निष्पाप राहिलेला प्रभू तिथं आहे. मग मोह समोर आला म्हणून माणसाला पापी ठरवायचा अधिकार यांना कुणी दिला? असं बोलून हे लोक माणसाला गप्प करतात, आणि गप्प बसलेला माणूस गाडीच्या वेळी एकटा असतो.

थोरलीची फी पतसंस्थेचं कर्ज काढून भरली. हप्ते चालू आहेत, ओढाताण आहे, पण रात्रीचा तो हिशेब बंद झाला. व्यापाऱ्यानं पाकिटाचं बोलणं सोडलं आहे. त्याचा माणूस मात्र अजून येतो आणि सही होईपर्यंत माझ्या हाताकडे बघत राहतो.

एक सांगायचं राहिलं. पुढच्या महिन्यापासून गाडी बुधवारीच, पण सकाळी सातला येणार आहे. तुमची बायबल वाचायची वेळ ती, मला माहीत आहे. तरी फोन करा. काकूंना सलाम सांगा.