व्हीलचेअर लागणार आहे, बाबा

ती. आई-बाबांना,
सा. न.

बाबा, तुम्ही पाठवलेलं तिकीट पाहिलं. स्वस्त आहे, वादच नाही. पण ते एक तिकीट नाहीये, तीन वेगवेगळी तिकिटं एका पानावर मांडलेली आहेत. मुंबई-क्वालालंपूर एका कंपनीचं, तिथून मेलबर्न दुसरीचं आणि पुढे ऑकलंड तिसरीचं. म्हणजे प्रत्येक ठिकाणी पट्ट्यावरून बॅगा उचला, इमिग्रेशनमधून बाहेर या, पुन्हा वजन करा, पुन्हा रांग. पहिलं विमान उशिरा पोचलं तर दुसरी कंपनी सरळ हात वर करणार, कारण त्यांच्या लेखी तुम्ही वेळेवर आलाच नाहीत. शिवाय मेलबर्नला नुसतं विमान बदलायचं असलं तरी भारतीय पासपोर्टला ऑस्ट्रेलियाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो. तो नसेल तर मुंबईतच चढू देत नाहीत. वाचलेले पैसे तिथल्या तिथे संपले की.

म्हणून मुंबई-सिंगापूर-ऑकलंड असं एकाच पीएनआरचं तिकीट काढतेय. सहारला बॅगा दिल्या की त्या थेट ऑकलंडला दिसतील. सिंगापूरला विमानतळाच्या आतच राहायचं असल्यामुळे व्हिसा नको. मुंबईहून रात्री निघायचं, साडेपाच तासांत सिंगापूर, मध्ये तीनेक तास, मग सकाळच्या विमानाने साधारण दहा तासांत ऑकलंड. नोव्हेंबरात आमचं घड्याळ तुमच्यापेक्षा साडेसात तास पुढे असतं, त्यामुळे उतराल तेव्हा इथे रात्र झालेली असेल.

आई, तू फोनवर म्हणालीस ते ऐकलं, ‘बिझनेस क्लास वगैरे काही काढू नकोस.’ नाही काढत. तिप्पट-चौपट भाडं भरून तू दहा तास ‘केवढे गं पैसे घातलेस’ हेच म्हणत बसशील, डोळ्याला डोळा लागणार नाही. मी स्वतःही ऑफिसच्या कामाला फिजी म्हणा, सामोआ म्हणा, टोकियो म्हणा, इकॉनॉमीनेच जाते. लोक रंगवून सांगतात तितकं ते वाईट नसतं. फरक एवढाच, की पुढे बसलेल्यांना काय हवं ते येऊन विचारतात आणि मागे बसलेल्यांना मागावं लागतं. पाणी, जास्तीचं पांघरूण, उशी, गरम पाण्यात टाकलेली चहाची पुडी, सगळं मिळतं. आपणहून कोणी आणून देत नाही, इतकंच.

आणि माझी काळजी नेमकी तीच आहे. तुम्ही दोघं कुणाकडे काही मागत नाही. बाबा, सगळी नोकरी एसटीच्या स्टँडवर कंट्रोलर म्हणून केलीत, पण स्वतःच्या घरच्यांसाठी कधी कंडक्टरला सांगून एक सीट धरली नाहीत. आईला तर लग्नाच्या पंगतीत वाढप्याला हाक मारायचा संकोच. हा स्वभाव सहार विमानतळाच्या बाहेर गाडीतच ठेवून या, परत जाताना घेऊन जा.

आता व्हीलचेअर. बाबा, ‘मी रोज अजिंक्यतारा चढतो, मला कशाला खुर्ची’ हे मला तोंडपाठ आहे. तुम्हाला नाहीच मागितलेली. आईसाठी मागितली आहे, तुम्ही शेजारून चालायचं. विमान कंपन्या व्हीलचेअरचे तीन प्रकार धरतात. एक, पायऱ्या चढता येतात पण लांब चालवत नाही असे. दुसरा, पायऱ्याही जमत नाहीत असे. तिसरा, सीटपर्यंत उचलूनच न्यावं लागतं असे. आई पहिल्या प्रकारातली. त्यात आजारपण आलं, परावलंबन आलं असं काही नाही. गुडघा बदललेल्या बाईला सिंगापूरच्या चांगीसारख्या विमानतळावर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला चालत नेणं हा शुद्ध आडमुठेपणा आहे. तिथे एका टर्मिनलहून दुसऱ्याला जायला छोटी रेल्वे आहे, पण त्या रेल्वेपर्यंत आणि तिथून गेटपर्यंत चालायचंच असतं. खुर्चीला वेगळे पैसे पडत नाहीत. मी बुकिंगमध्ये नोंदवते, तुम्ही सहारच्या काउंटरवर पुन्हा एकदा तोंडाने सांगा. कॉम्प्युटरवर असलं म्हणजे माणसाला माहीत असतंच असं नाही, हे एसटीत जन्म काढलेल्या माणसाला मी काय सांगू!

खुर्चीचे तोटेही आधीच सांगून ठेवते. चढताना पहिले चढाल, पण उतरताना सगळे गेल्यावर शेवटी. खुर्ची ढकलणारा माणूस तुम्हाला एका ठिकाणी बसवून ‘इथेच थांबा’ म्हणून निघून जाईल आणि बराच वेळ फिरकणार नाही. तेव्हा बाबा, काळजीने येरझाऱ्या घालत दिसेनासे होऊ नका. तो येतो. चांगीला टर्मिनल तीनच्या आत फुलपाखरांची बाग आहे, फुकट. वेळ उरला आणि त्या माणसाने नेलं तर बघा. तो छताखालचा मोठा धबधबा मात्र इमिग्रेशनच्या बाहेर आहे, तो या खेपेला नाही.

सुरक्षा तपासणीत आईचा गुडघा वाजणार. घाबरायचं नाही, गुडघ्यावर हात ठेवून ‘नी रिप्लेसमेंट’ म्हणायचं. बाजूला घेऊन बाई तपासेल, दोन मिनिटांचं काम. डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स पर्समध्ये असू दे. सिंगापूरला पुन्हा गेटपाशी तपासणी होते, तिथे बाटलीतलं पाणी आधी ओतून टाकायचं आणि विमानात गेल्यावर भरून मागायचं.

सीट मी निवडल्या आहेत. एकाच रांगेत, मधली वाट सोडून अलीकडे-पलीकडे. शेजारी-शेजारी नाहीत म्हणून रुसू नका. दोघांनाही उठताना कुणाला ओलांडावं लागणार नाही आणि बाबा, रात्री तुम्हाला किती वेळा उठावं लागतं ते मला ठाऊक आहे. खिडकीचा मोह नको, पूर्ण वाट ढगच असतात. पुढे पाय पसरायला जागा असलेली पहिली रांग का नाही घेतली असं पाटीलकाका विचारतील. तिथे तान्ह्या बाळांचे पाळणे लावतात, रडारड असते, हात टेकायच्या दांड्या वर होत नाहीत आणि विमान उडताना-उतरताना पर्ससुद्धा वर ठेवावी लागते. आणीबाणीच्या दाराजवळची रांग तर मदत मागितलेल्या प्रवाशांना देतच नाहीत.

जेवणाचं नीट वाचा. यादीत ‘हिंदू मील’ असं असतं आणि आपल्याकडची निम्मी माणसं तेच निवडतात. त्यात मटण-कोंबडी असते, बीफ मात्र नसतं. ‘ओरिएंटल व्हेज’ म्हणजे चिनी पद्धतीची भाजी. तुमच्यासाठी ‘एशियन व्हेज’ टाकलंय, म्हणजे भात, डाळ, पनीर असं ओळखीचं काहीतरी. हे खास ताट सगळ्यांच्या आधी येतं. आजूबाजूचे उपाशी बसलेले आणि आपल्यापुढे वाफाळतं ताट, त्यामुळे बाबा झाकण न उघडता वाट बघत बसतील, मला दिसतंय. बसू नका. इतरांची गाडी यायला अर्धा तास लागतो, तोवर भाताचे खडे होतात. चव अळणी वाटली तर स्वयंपाक्याला बोल लावू नका. वर हवा कोरडी आणि विरळ असल्यामुळे जिभेला मीठ-साखर कमी लागते. लिंबाच्या लोणच्याची छोटी पाकिटं मिळतात कधी कधी. मागा.

विरळ म्हणजे किती, तर विमानाच्या आतली हवा साधारण 1800 ते 2400 मीटर उंचीवर असते तेवढी विरळ असते. कळसूबाई 1646 मीटर. म्हणजे दहा तास कळसूबाईच्याही वर बसून काढायचे. पाय सुजतात, पोट फुगतं, हे सगळ्यांचंच होतं. पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होण्याची भीती मात्र खरी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2007 च्या अभ्यासात चार तासांहून लांबच्या प्रवासात ती शक्यता जवळपास दुप्पट होते असं निघालं होतं, तरीही ती सहा हजारांत एक एवढीच. आणि ती विमानाचीच मक्तेदारी नाही, बस-रेल्वेत एका जागी बसून राहिलं तरी तेच. तेव्हा दर तासा-दीड तासाने उठून मागच्या टोकापर्यंत एक फेरी, आणि बसल्या बसल्या टाचा-चवडे वर-खाली. घट्ट मोजे घालायचे का आणि रक्तदाबाच्या गोळीची वेळ कशी सरकवायची, हे डॉक्टरांकडे एकदा जाऊन विचाराच, माझ्यावर सोडू नका. गोळ्या हातातल्या पिशवीत, चिठ्ठीसकट.

एक आईसाठी. विमानातल्या संडासात पाणी नसतं, नुसता कागद. पर्समध्ये एक रिकामी छोटी बाटली ठेव, आतल्या बेसिनला भरून घे. जपानी कंपन्यांच्या काही विमानांत फवारा असतो, तेवढ्यासाठी मला टोकियोची ट्रिप आवडते. आपल्या वाटेवर तो नाही.

आता सामान. इथे विमानतळावर तस्कर पकडणाऱ्यांपेक्षा शेतीचे अधिकारी कडक. त्यांचे कुत्रे बॅगा हुंगत फिरतात. खाण्याची एखादी वस्तू असून सांगितली नाही तर जागेवर 400 न्यूझीलंड डॉलर दंड. पण सांगितलं तर काही नाही. ते बघतात, चालत असेल तर परत देतात, नसेल तर काढून घेतात. प्रवासाआधीचा ऑनलाइन फॉर्म मी इथून भरते आणि खाण्याच्या प्रश्नाला ‘हो’च लिहिते. तिथे कुणी विचारलं तर तुम्हीही ‘हो’ म्हणायचं. आई, ‘काही नाही हो, घरचंच आहे’ हे वाक्य तिथे चालत नाही. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला आण, वेगवेगळ्या पुड्या करून वर नावं लिही. मध नको, ताजा कढीपत्ता नको. दुधाच्या पदार्थांचे नियम फार कडक आहेत, त्यामुळे कंदी पेढे साताऱ्यातच वाटून या. सुकं खोबरं तर मुंबईतच काढून घेतील, तेलामुळे पेट घेतं म्हणून बंदी आहे. आणि बाबा, ते किल्ल्यावरचे बूट. तळव्याच्या खाचांत माती असेल तर इथे बूट काढायला लावून तपासतात. दात घासायचा जुना ब्रश घ्या आणि खाचा कोरून स्वच्छ धुवा. तळाला एक खडाही राहता कामा नये.

आई, तुला घाबरवायला नाही, हसवायला सांगते. सामोआतून शेजारच्या अमेरिकन सामोआला जायच्या छोट्या विमानात चढण्याआधी माणसालाही बॅगेसकट काट्यावर उभं करतात. सगळ्यांसमोर. आणि अर्ध्या तासाच्या त्या उड्डाणात तारीख एक दिवस मागे जाते, कारण सामोआने 2011 साली 30 डिसेंबर हा दिवसच गाळला आणि वाररेषेच्या अलीकडे येऊन बसला. शेजारी तिकडेच राहिला. एकादशी नक्की कुठली धरायची हा प्रश्न तुला तिथे पडला असता. तुमच्या विमानात काटा फक्त बॅगांना.

तिकीट पक्कं करायचं तेवढं अडलंय ते नावापाशी. बाबा, दोघांच्या पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाचे फोटो आज पाठवा, सपाट टेबलावर ठेवून, फ्लॅश न लावता. आईच्या पासपोर्टवर तुमचं नाव मधे आहे का आणि आडनावाचं स्पेलिंग तुमच्यासारखंच आहे का, ते मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचंय. तिकिटावर तेच आणि तसंच लागतं. मुदतही बघा, इथून परत निघायच्या तारखेनंतर किमान तीन महिने शिल्लक हवी. रविवारी रात्रीपर्यंत फोटो आले तर याच भावात बसेल.

तुमची,
छकुली

ता. क. व्हीलचेअर रद्द करा म्हणून विमान कंपनीला परस्पर फोन करू नका, बाबा. बुकिंगला माझा ईमेल आहे, मला कळेल.