शाळेचा फुटबॉल संघ: शनिवारपासून नव्याने सराव

सर्व खेळाडू आणि पालकांसाठी,

गेल्या हंगामात आपण एकही सामना जिंकलो नाही. पण हरण्यापेक्षा जास्त खटकलं ते वेगळंच: दोनदा मैदानात पुरेशी मुलंच नव्हती. एका बाजूला ७ पेक्षा कमी खेळाडू असतील तर नियमाप्रमाणे सामना सुरूच होत नाही. म्हणून यंदा हजेरी आधी, डावपेच नंतर.

येत्या शनिवारी सकाळी ६:३० वाजता शाळेच्या मैदानावर या. निवड चाचणी नाही. कधी चेंडूला पाय न लावलेलेही चालतील.

– शिनगार्ड (नडगीला मार लागू नये म्हणून लावायचं कवच) घालायलाच हवेत, तेही मोज्यांच्या आत. साखळी, अंगठी, कडं घरी ठेवा. वर चिकटपट्टी लावूनही चालत नाही.
– पहिले दोन आठवडे फक्त पास, चेंडू थांबवणं आणि धावणं. कंटाळा येईल, येऊ द्या.
– डोक्याला मार लागला तर त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरायचं नाही, कितीही हट्ट केला तरी.
– येणार नसाल तर आदल्या रात्री कळवा. न कळवता तीनदा गैरहजर, तर पुढचा सामना बाहेर. मग तो कर्णधार का असेना.

पालकांनो, कडेला उभं राहून ओरडून सूचना देऊ नका, मुलं गोंधळतात. सामन्यांना मुलांना नेण्या-आणण्यासाठी मात्र गाड्या हव्या आहेत. ज्यांना जमेल त्यांनी गुरुवारपर्यंत नाव द्यावं.