पाच मिनिटांत न मावलेला उन्हाळा

लीड्स,
२६ ऑगस्ट २०२५

ती. आईस,
सा. न. वि. वि.

फोनवर आपलं बोलणं पाचव्या मिनिटाला कुणाच्या तरी लग्नावर जातं, म्हणून हे पत्र. "सुट्टीत कुठे गेलात की नाही?" असं तू दोनदा विचारलंस आणि मी दोनदा "जवळपासच" म्हणून विषय बदलला. खरं सांगते, यंदा छपराचं काम निघालं आणि प्रवासाचे पैसे त्यात गेले. पोरांचे सहा आठवडे परसातच काढायचे ठरले.

परस म्हणजे आपल्या न्हाणीमागच्या जागेएवढा तुकडा. त्यात तीन वाफे केले. मेथी फोडणीच्या डब्यातलीच पेरली, चौथ्या दिवशी वर आली. कोथिंबिरीने मात्र दगा दिला. इथे जूनमध्ये रात्री साडेनऊलासुद्धा उजेड असतो. एवढा लांब दिवस बघून तिला वाटतं, आता बी धरायची वेळ झाली. वीतभर वाढली की लगेच फुलावर! पुढच्या वर्षी ऑगस्ट उजाडल्याशिवाय पेरणार नाही.

आणि तुला हसू येईल, इंग्लंडात पाण्याची ओरड झाली. पाऊसच नाही. ११ जुलैपासून आमच्या यॉर्कशर भागात बागेला पाइपने पाणी घालायला बंदी आली, झारी चालते. मग काय, तांदूळ धुतलेलं पाणी, भाजी धुतलेलं पाणी, सगळं बादलीत साठवायला लागले. टँकरच्या दिवसांत तू ओरडायचीस ना, "ते पाणी ओतू नकोस गं!" तेच वाक्य त्याच सुरात माझ्या तोंडून बाहेर पडलं आणि धाकटी दचकून माझ्याकडे बघत राहिली.

सशांचं तुला अर्धवटच सांगितलंय. मे महिन्यात दोन आणले, टाकून दिलेले प्राणी सांभाळणाऱ्या एका संस्थेतून. एकटा ससा झुरतो म्हणून जोडीच देतात. एक चकली, दुसरी बुंदी. बुंदी हे नाव का, ते लेंड्या बघितल्यास की कळेल. सशाचं मुख्य जेवण गाजर नाही, वाळलेलं गवत. त्यांचे दात जन्मभर वाढत राहतात आणि गवत चावून झिजतात. गाजर म्हणजे त्यांचा पेढा, कधीतरी आणि इवलासा. स्वतःच्याच मऊ लेंड्या परत खाताना बघून थोरला दोन दिवस जेवणावर रुसला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, खाऊ दे, त्यातूनच त्यांना जीवनसत्त्वं मिळतात.

एका संध्याकाळी पिंजऱ्याची कडी राहिली. बघते तर चकली बटाट्याच्या वाफ्यात! बटाट्याचा पाला सशाला विषारी. मी एकीकडून, तुझे जावई दुसरीकडून, मधे ही बाई मागचा पाय जमिनीवर दाणदाण आपटतेय. पंधरा मिनिटं आम्हाला नाचवलं. शेवटी धाकटी ती फुलावर गेलेली कोथिंबीर मूठभर उपटून मातीत पालथी पडून राहिली. जराही हलली नाही. चकली एकेक पाऊल टाकत आली, नाक फुरफुरवलं, आणि एका देठाच्या बदल्यात पकडली गेली. फुकट गेलेलं पीक असं कामी आलं.

फिरायचं म्हणशील तर दोनच ठिकाणं सांगण्यासारखी. बोल्टन ॲबी इथून तासाभरावर. ११५४ मध्ये वसलेला मठ, आठव्या हेन्री राजाच्या काळात १५३९ मध्ये बंद पाडलेला. अर्धा भाग पडका, अर्ध्यात अजून प्रार्थना चालते. मुलांना त्याचं काही नाही. त्यांना व्हार्फ नदीतले ते साठेक दगड हवे होते, एकावरून दुसऱ्यावर पाय टाकत पैलतीरी जायचं. पाणी आटलं होतं म्हणून मी होकार दिला. मधोमध पोचल्यावर मीच अडकले, पुढचा दगड लांब, मागून माणसांची रांग. शेवटी चप्पल हातात घेऊन पाण्यातून गेले. गार! ऑगस्टातसुद्धा पोटऱ्या बधिर झाल्या.

दुसरं व्हिटबी, समुद्रकाठचं. तिथल्या ॲबीपर्यंत, म्हणजे जुन्या मठापर्यंत, १९९ पायऱ्या. पोरांनी मोजल्या, एकाच्या १९७ भरल्या, दुसरीच्या २०२. भांडण खालपर्यंत चाललं. बाकी समुद्र करडा आणि वारा कानात शिरणारा. आपली किनारपट्टी बरी, एवढंच म्हणेन.

उद्या गणपती. हारासाठी मुद्दाम झेंडू लावला होता, पण इथल्या बिनशंखाच्या गोगलगायींना झेंडू म्हणजे मिठाई. रात्री तुझे जावई वाट्यांत बीअर ओतून मातीत पुरायचे. स्वतः घेत नाहीत, गोगलगायींना पाजतात. तरी सातच फुलं हाती लागली. दूर्वा म्हणून गवतातली बरी पाती निवडून धाकटीने एकवीसची जुडी बांधली आणि चकलीच्या उडीपासून लांब म्हणून फ्रिजवर ठेवली आहे.

बाबांना नमस्कार सांग.

तुझी,
माई

ता. क. – मेथी दुसऱ्यांदा खुडली की कडूजहर लागते. काय चुकतंय ते फोनवर सांग, पहिल्या पाच मिनिटांत.