बोअरच्या पाण्यात आरडीएक्स कोण पाहणार?

मा. संपादक,
पुलगावचा डेपो, भंडारा-भद्रावतीच्या आयुध निर्माणी, आपल्या विदर्भात दारूगोळा काही कमी नाही, पण जमिनीखालच्या पाण्याचं कोणी बोलतच नाही. दारूगोळ्यात टीएनटी अन् आरडीएक्स ही स्फोटकं असतात; टीएनटी मातीला बऱ्यापैकी धरून बसतं, आरडीएक्स मात्र पावसासोबत झिरपत थेट भूजलात जातं. अमेरिकेत केप कॉडच्या लष्करी रेंजखाली हेच झालं, १९९७ मध्ये तिथला सराव थांबवावा लागला. पाणी उपसून कार्बन फिल्टरमधून काढायचं म्हणजे वर्षानुवर्षांचा खर्च, म्हणून काही ठिकाणी बोअरमधून मळीसारखं गोड काहीतरी नाहीतर पाण्यात घुसळलेलं खाद्यतेल खाली सोडतात, जमिनीतलेच जिवाणू ते खाऊन वाढतात, ऑक्सिजन संपवतात अन् मग आरडीएक्स तोडायला लागतात. भारी आयडिया आहे! (पण कोणी उद्याच विहिरीत मळी ओतू नका, प्रमाण चुकलं तर लोह-मँगनीज सुटतं अन् पाणी घाण वास मारतं.)

आमच्या ग्रामपंचायतीत आलेल्या रिपोर्टात फ्लोराइड, नायट्रेट, क्षार, बस एवढंच. पाणी खराबच आहे असं माझं म्हणणं नाही, पण डेपो-कारखान्यांजवळच्या विहिरींचे नमुने आरडीएक्स अन् परक्लोरेटसाठी (रॉकेटच्या इंधनात वापरतात तो क्षार) एकदा तरी तपासा अन् रिपोर्ट ग्रामसभेत वाचून दाखवा.

– एक शेतकरी, जि. वर्धा