‘चष्मा घालवा, वर्दी मिळवा’ या आपल्या फलकाबाबत आणि माझ्या लेझर ऑपरेशनबाबत तक्रार

दिनांक : ८ डिसेंबर २०२५
पूर्णा, जि. परभणी

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग,
नेत्र रुग्णालय समूह, मुख्य कार्यालय.

विषय : लेसिक करण्यापूर्वी रेल्वे भरतीच्या वैद्यकीय नियमाबद्दल चुकीची माहिती दिल्याबाबत.

महोदय,

आपल्या संभाजीनगर शाखेत १९ मार्च २०२४ रोजी माझ्या दोन्ही डोळ्यांचं लेसिक, म्हणजे चष्म्याचा नंबर घालवणारं लेझर ऑपरेशन, झालं. सुरुवातीलाच सांगतो, ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. उजव्या डोळ्याचा नंबर उणे ३.२५ आणि डाव्याचा उणे ३.७५ होता. दुसऱ्या दिवशी सकाळी लॉजच्या खिडकीतून समोरच्या दुकानाची पाटी मी चष्म्याशिवाय वाचली. सुरुवातीला सहा महिने डोळे कोरडे पडायचे, थेंब टाकावे लागायचे. ते होणार हे मला आधी सांगितलं होतं आणि ते तसंच कमीही झालं. आज माझी नजर ६/६ आहे.

तरीही हे पत्र लिहावं लागतंय, कारण ज्यासाठी मी डोळ्यावर लेझर मारून घेतलं, तेच दार त्या लेझरनं बंद झालं. आणि हे होणार हे तुमच्या माणसांना माहीत असायला हवं होतं.

मी पूर्णेचा. आमचे आजोबा इथल्या लोकोशेडात खलाशी होते. रुळाच्या कडेला लहानाचा मोठा झालो. बारावीनंतर आयटीआय इलेक्ट्रिशियन केलं आणि असिस्टंट लोको पायलटची, म्हणजे रेल्वे इंजिनाच्या सहायक चालकाच्या पदाची, तयारी धरली. जानेवारी २०२४ मध्ये ५,६९६ जागांची जाहिरात आली (पुढे त्या जागा १८,७९९ झाल्या) आणि फेब्रुवारीत मी सिकंदराबादच्या रेल्वे भरती बोर्डाचा अर्ज भरला. या पदाला ए-वन हा वैद्यकीय दर्जा लागतो, म्हणजे दोन्ही डोळे चष्म्याशिवाय ६/६. मला चष्मा होता. ती एकच अडचण डोक्यात घोळत होती.

त्याच दिवसांत, रविवारी १० मार्चला, परभणीला आमच्या भरती अकॅडमीत तुमचं मोफत नेत्रतपासणी शिबिर झालं. हॉलच्या दारावर तुमचा फलक होता : ‘चष्मा घालवा, वर्दी मिळवा’. आम्ही चाळीसेक पोरं रांगेत उभी होतो. कोणी पोलीस भरतीचं, कोणी सैन्याचं, कोणी रेल्वेचं. ज्याला नंबर निघाला त्याच्या हातात सवलतीचं कूपन दिलं गेलं. एकालाही विचारलं नाही की बाबा, तू कोणत्या भरतीला बसतोयस आणि तिथला नियम काय आहे.

१४ मार्चला मी वडिलांना घेऊन तुमच्या शाखेत आलो. कॉर्नियाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाचा, नकाशा काढला, जाडी मोजली, बाहुली मोठी करून पडदा तपासला. सगळं व्यवस्थित झालं. मग आम्हाला काउन्सेलर मॅडमकडे बसवलं. मी त्यांना स्पष्ट शब्दांत सांगितलं, लोको पायलटचा अर्ज भरलाय, मेडिकलला चालेल का? त्या म्हणाल्या, “चष्मा गेला की मेडिकल क्लिअर, दादा. आमच्याकडं भरतीचीच मुलं जास्त येतात.” वडिलांनी पुन्हा विचारलं, कारण पैसा त्यांचा जाणार होता. तेव्हा त्या म्हणाल्या, “काका, कोणी विचारलं तर लेझर केलंय म्हणून सांगायचं नाही. थोड्या दिवसांनी कळत पण नाही.” त्याच वेळी वडिलांचा चेहरा जरा उतरला होता. मी मात्र खुशीत होतो.

हे सगळं तोंडी झालं, पुरावा काय, असं आपण म्हणाल. पुरावा आहे. मॅडमनी माझी माहिती एका छापील कागदावर भरली. त्यात ‘लेझर करण्याचे कारण’ असा रकाना आहे आणि त्यापुढं त्यांच्या हातानं निळ्या पेननं लिहिलंय : रेल्वे जॉब, लोको पायलट. त्याच कागदाच्या पाठीमागं त्यांनी पॅकेजचा हिशेब मांडला, ब्लेडचं किती, बिनब्लेडचं किती, सवलत वजा जाता किती, आणि घरी विचार करा म्हणून तो कागद माझ्या हातात दिला. म्हणून तो माझ्याकडं राहिला. झेरॉक्स सोबत जोडली आहे. तुमच्याच फॉर्मवर कारण विचारायचं, कारण लिहून घ्यायचं आणि त्या कारणाला हे ऑपरेशन चालतं की नाही हे बघायचं नाही, मग तो रकाना छापलाय कशासाठी?

संमतिपत्राचंही लिहितो. सात पानांचा इंग्रजी कागद बाहुली मोठी करायचे थेंब टाकल्यावर पुढं आला. उजेडानं डोळ्यातून पाणी येत होतं. चष्मा काढून कागद नाकाशी धरला तरच अक्षर लागत होतं. “सगळे करतात, इथं अन् इथं सही करा,” एवढंच सांगितलं गेलं. मराठी प्रत मागितली तर नाही म्हणाले. वडील सातवी शिकलेले. साक्षीदार म्हणून त्यांचीही सही घेतली.

बिल झालं ६४,००० रुपये. भाव वाढेल म्हणून घरात राखून ठेवलेलं चौदा क्विंटल सोयाबीन वडिलांनी मोंढ्यात नेलं. हमीभाव ४,६०० रुपये होता, मिळाले ४,२५०. त्याचे ५९,५०० आले. उरलेले साडेचार हजार मायनं बचत गटातून उचलले. त्या वर्षी आमच्या घरात दुसरा काही खर्च झाला नाही.

पुढचं थोडक्यात. नोव्हेंबर २०२४ मध्ये पहिली परीक्षा झाली, पास. दुसरीही पास. मग संगणकावरची अभियोग्यता चाचणी, जिला आम्ही सीबीएटी म्हणतो. त्या चाचणीला नेत्रतज्ज्ञाच्या सहीचं ठराविक नमुन्यातलं दृष्टी प्रमाणपत्र लागतं, त्याशिवाय आत सोडत नाहीत. ते मी कुठून घेतलं? तुमच्याच शाखेतून, ५०० रुपये भरून. तो कागद लोको पायलटच्या भरतीचा आहे हे सही करणाऱ्याला दिसत होतं. माझी फाइल समोरच्या संगणकावर उघडी होती. तरी त्या दिवशीही कोणी चकार शब्द काढला नाही.

कागदपत्रांची पडताळणी झाली आणि मागच्या महिन्यात सिकंदराबादला रेल्वेच्या दवाखान्यात मेडिकल झालं. तक्ता वाचला, दोन्ही डोळे ६/६. रंगांची चाचणी झाली. मग स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या दिव्याच्या यंत्रावर, हनुवटी टेकवून बसलो. डॉक्टरांनी दिवा बाजूनं फिरवला, थांबले, पुन्हा फिरवला. लेसिकमध्ये कॉर्नियाचा पातळ थर कापून झाकणासारखा उचलतात आणि लेझर झाल्यावर परत बसवतात. त्या थराच्या कडेची बारीक गोल रेघ त्या उजेडात दिसते. मॅडम म्हणाल्या होत्या, कळत नाही. डॉक्टरांनी विचारलं, “लेसिक कराया है?” मी हो म्हणालो. खोटं बोलायला जीभ रेटली नाही, आणि रेटली असती तरी रेघ लपली नसती. ते म्हणाले, काम चांगलं झालंय, पण ए-वनला लेसिक केलेला उमेदवार घेता येत नाही. त्यांनी कागदावर लिहिलं आणि पुढच्या मुलाला हाक मारली.

नियम चुकीचा आहे असं माझं म्हणणं नाही. रात्रीच्या अंधारात सिग्नल बघत शेकडो माणसं ओढून नेणाऱ्याचा डोळा रेल्वेनं कडक तपासलाच पाहिजे. लेसिक चालत नाही ही ओळ जाहिरातीच्या जोडपत्रात होती हेही मी मान्य करतो. ‘चष्म्याशिवाय ६/६’ ही ओळ मी वाचली, लेझरची ओळ माझ्याकडून सुटली. ती चूक माझी आहे, ती दुसऱ्या कोणावर ढकलत नाही. पण मी काही न विचारता तुमच्या टेबलावर बसलो नव्हतो. विचारलं, तेही दोनदा. आणि उत्तर देणारी व्यक्ती तुमच्या गणवेशात, तुमच्या खुर्चीवर बसून पगार घेणारी होती.

कस्टमर केअरला मी तीन वेळा फोन केला. तिन्ही वेळा एकच उत्तर मिळालं : “सर, तुमची सर्जरी सक्सेसफुल आहे.” तिसऱ्या वेळी एक साहेब म्हणाले, तुम्हाला चष्मा होता, लेझर केलं नसतं तरी तुम्ही बादच झाला असता, मग आमच्यामुळं नुकसान काय झालं?

त्याचं उत्तर मी नीट लिहितो, कारण या पत्रात मला सांगायचंय ते हेच आहे. होय, लेझर केलं नसतं तरी या पदाला मी बाद होतो. तेच १४ मार्चला सांगायचं होतं. “दादा, लोको पायलटला चष्माही चालत नाही अन् लेझरही चालत नाही, तू दुसरं पद बघ,” एवढं एक वाक्य. सोयाबीन घरात राहिलं असतं. सप्टेंबर २०२४ मध्ये रेल्वेचीच एनटीपीसीची, म्हणजे बिगर-तांत्रिक पदांची, बारावी पातळीची जाहिरात आली होती. त्यात ज्युनिअर क्लर्क-कम-टायपिस्टचं पद सी-टू दर्जाचं, तिथं चष्मा चालतो. मी तो अर्जच भरला नाही, कारण दिवसरात्र इंजिनाचं डोक्यात होतं. माझ्या खोलीतल्या मित्रानं भरला. मी आता २६ वर्षांचा आहे. ही पावणेदोन वर्षं कुठल्या रकान्यात धरायची ते आपणच सांगा.

माझं प्रकरण तर होऊन गेलं. पण गेल्या आठवड्यात परभणीला गेलो तर तो फलक तिथंच होता, कूपनंही तीच. हिंगोली, जिंतूर, गंगाखेडकडची पोरं तिथं खोल्या करून राहतात. डबा गावाकडून येतो, फी उसनवारीवर भरतात. त्यांच्यातला एखादा उद्या तुमच्याकडं येईल. प्रत्येक भरतीचा नियम वेगळा आहे. सैन्यात काही प्रवेशांना लेझर चालतं, पण वयाच्या २० वर्षांनंतर केलेलं असावं, त्याला १२ महिने उलटलेले असावेत, अशा अटी असतात. लोको पायलटला चालतच नाही. ‘चष्मा घालवा, वर्दी मिळवा’ या चार शब्दांत यातलं काहीच सांगितलेलं नाही, आणि ज्याला काही कळत नाही त्याला तेवढे चार शब्द पुरतात.

माझी मागणी अशी आहे. ६४,००० रुपये आणि प्रमाणपत्राचे ५०० रुपये परत करावेत. नोकरी तुम्ही देऊ शकत नाही, ती मी मागत नाही. माझी संपूर्ण फाइल, त्यात कॉर्नियाचे नकाशे, ऑपरेशनची नोंद आणि सही केलेलं संमतिपत्र, यांच्या प्रती द्याव्यात. काउंटरवर मागितल्या तर हेड ऑफिसकडून मागवाव्या लागतील म्हणाले. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेप्रमाणे रुग्णानं मागितल्यापासून ७२ तासांत नोंदी द्यायच्या असतात, हे पत्र म्हणजे ती मागणी समजावी. तो फलक परभणीतून आणि जिथं जिथं लावलाय तिथून काढावा. आणि मराठीतलं संमतिपत्र छापून त्यात पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात विचारावं : तुम्ही सरकारी भरतीची तयारी करता का, कोणत्या पदाची, तिथला लेझरचा नियम तुम्हाला वाचून दाखवला का? थेंब टाकण्याच्या आधी.

ज्या मॅडमनी मला सांगितलं त्यांना कामावरून काढावं अशी माझी मागणी नाही. त्यांनाही महिन्याला अमुक इतके पेशंट आणायचं टार्गेट असावं, असं त्यांच्या बोलण्यावरून वाटलं. त्यांना नियम शिकवा आणि ‘सांगायचं नाही’ हा सल्ला कोणालाही देऊ देऊ नका. तो ऐकून एखादा पोरगा खोट्या प्रतिज्ञापत्रावर सही करून बसेल.

पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्येच सांगितलंय. २०१९ च्या कायद्यानं दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या केली आहे आणि मी राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे परभणीच्या ग्राहक आयोगातच, तक्रार दाखल करता येते. दोन वर्षांची मुदत ऑपरेशनच्या तारखेपासून धरली तरी १९ मार्च २०२६ पर्यंत आहे. मला तिथं जायची हौस नाही. वडिलांना तारखांना फिरवायचं नाही. म्हणून आधी आपल्याकडं लिहितोय. पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर द्यावं, फोन नको. फोनवर काय उत्तर मिळतं ते मला पाठ झालंय.

हे पत्र स्पीड पोस्टानं पाठवत आहे. एक प्रत आपल्या संभाजीनगर शाखेच्या व्यवस्थापकांना आणि एक आमच्या अकॅडमीच्या सरांना देत आहे. फलक त्यांच्या भिंतीवर आहे आणि तो तिथं ठेवायचा की नाही, हे त्यांनाही ठरवता यावं.

आपला,
रुग्ण (नोंदणी क्रमांक सोबतच्या बिलावर आहे)

सोबत : ६४,००० रुपयांचं बिल, काउन्सेलिंगच्या कागदाची दोन्ही बाजूंची झेरॉक्स, दृष्टी प्रमाणपत्राची पावती, रेल्वेच्या वैद्यकीय निकालाची प्रत, परभणीतील फलकाचा फोटो.