स्क्रू पूर्ण बाहेर, तरी रेस १४००

प्रिय सच्या,

तुझा व्हिडिओ रात्री परत परत ऐकला, हो ऐकलाच, बघण्यासारखं बॉनेटखाली नंतर बघू. १९६९ ची शेवरले शेव्हेल एसएस ३९६ आणि तीही मूळच्या क्वाड्राजेट कार्ब्युरेटरसकट कोलंबसला तुझ्या गराजमध्ये उभी आहे, मला किती आनंद झालाय सांगू! पण पार्कमध्ये रेस १४०० आरपीएम आणि ड्राइव्हमध्ये टाकली की गाडी हिसका मारून पुढे ओढते हे वाचून काळजी वाटली रे. ऑटोमॅटिक गियरवाल्या त्या गाडीचा आयडल, म्हणजे पाय न लावता राहणारी रेस, गरम इंजिनवर ड्राइव्हमध्ये ६०० च्या आसपास पाहिजे. साडेसहा लिटरचं इंजिन ब्रेकवर पाय दाबून सिग्नलला धरून ठेवायचं म्हणजे ब्रेकही तापणार, गियरबॉक्सही तापणार, आणि पाय जरा सैल पडला की समोरच्या गाडीला जाऊन भिडणार. हे निस्तरेपर्यंत पोरांना त्यात बसवू नकोस, प्लीज.

आणि तो शॉपवाला म्हणतोय ना की जुना कार्ब काढून टाक, नवीन बसव? अजिबात नको. क्वाड्राजेटला लोक उगाच नावं ठेवतात, पुढची दोन तोंडं बारीक म्हणून रोजच्या चालवण्यात पेट्रोल बेताने आणि मागची दोन भली मोठी म्हणून पाय दाबला की जीव खाऊन पळते, इतका विचार करून केलेला कार्ब आहे तो. आणि दोष दुसरीकडे असेल तर नवीन कार्बवरही रेस तेवढीच राहणार, पैसे मात्र जाणार.

तू एक वाक्य सहज लिहून गेलास पण माझ्या मते सगळं त्यातच आहे, की आयडल स्क्रू पूर्ण बाहेर काढला, आता तो लिव्हरला टेकतही नाही, तरी रेस हलत नाही. म्हणजे स्क्रूचा काही संबंधच नाही. मग उरतं काय, एकतर थ्रॉटलची, म्हणजे हवा आत सोडणारी, पाकळी दुसरंच काहीतरी उघडी धरून ठेवतंय, नाहीतर कार्बच्या खालून कुठूनतरी हवा शिरतेय, नाहीतर स्पार्क लवकर पडतोय. आपल्या आरएक्स १०० च्या कार्ब आणि इंजिनमधल्या रबराला चीर पडली की रेस कशी आपोआप चढायची आठवतं ना, तोच प्रकार, फक्त इथे चीर पडू शकेल अशा जागा खूप आहेत.

आधी इंजिन बंद असताना एअर क्लीनर काढ आणि बघ. पॅसेंजर बाजूला चोकचा दांडा आणि थंड इंजिनची रेस चढवून ठेवणारा फास्ट आयडलचा कॅम आहे, चोक उघडला तरी तो कॅम अडकून राहतो कधीकधी, बोटाने खाली पडतो का बघ. अ‍ॅक्सिलरेटरची केबल कार्बपासून सोडव आणि पाकळ्या पूर्ण मिटतात का ते बघ, मागच्या मोठ्या पाकळ्यासुद्धा, कारण त्या केसभर उघड्या राहिल्या तरी पुरतं.

मग इंजिन गरम करून चालू ठेव आणि कार्बच्या तोंडावर जाड फळी हळूहळू सरकव, हात नको, बॅकफायर झाला तर भाजेल. फळीने तोंड झाकताच इंजिन लगेच मेलं तर हवा कार्बमधूनच येतेय. झाकूनही चालत राहिलं तर खालून येतेय हे नक्की. तसं असेल तर एकेक व्हॅक्यूमची नळी चिमट्याने दाबून बघ, कुठल्या नळीला रेस पडते. ब्रेक बूस्टरची जाड नळी पहिली. नंतर पीसीव्हीची, म्हणजे इंजिनच्या पोटातली वाफ परत ओढणाऱ्या व्हॉल्व्हची. आणि इंजिनच्या ओढीवर चालणाऱ्या गियरबॉक्सच्या मॉड्युलेटरकडे जाणारी नळी काढून आतून बघ, आत लाल तेल असेल तर मॉड्युलेटरचा पडदा फाटलाय, इंजिन तिथून हवाही ओढतं आणि गियरबॉक्सचं तेलही. इथल्या पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असतं, जुन्या पेट्रोलच्या नळ्यांना ते सोसत नाही, तेव्हा त्याही हातासरशी बदलून टाक, गळती झाली तर गरम इंजिनवर पेट्रोल पडेल. कार्ब क्लीनरचा फवारा मारून लीक शोधायला सांगतात ना, तेही गरम मॅनिफोल्डजवळ करू नकोस.

एक जागा फवाऱ्याला कधीच सापडत नाही म्हणून मुद्दाम लिहितो. शेवरलेच्या या इंजिनात इनटेक मॅनिफोल्ड म्हणजे व्हॉल्व्ह उचलणाऱ्या खालच्या लिफ्टरच्या खोलगट भागाचं झाकणच असतं, त्यामुळे गास्केट खालच्या बाजूने गेलं तर हवा इंजिनच्या पोटातून ओढली जाते, बाहेर ना आवाज ना काही. पीसीव्ही काढून त्याची नळी बूच मारून बंद कर, इंजिनच्या पोटात हवा घेणारा ब्रीदरही बंद कर आणि तेल भरायच्या तोंडावर तळहात ठेव. चांगल्या इंजिनात आतून हलकी फुंकर लागते. हात आत ओढला गेला तर गास्केट गेलं.

इतकं करून काही नाही सापडलं तर टायमिंग, म्हणजे स्पार्क पडायची वेळ, आणि खरं सांगू, व्हिडिओतला आवाज ऐकून माझा जास्त संशय यावरच आहे, कारण रेस देऊन सोडली की ती खाली यायला फार वेळ घेतेय. डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सची नळी काढ, तिला बूच मार आणि टायमिंग लाइट लाव. कंपनीचा आकडा ४ डिग्री आहे, म्हणजे पिस्टन वर पोचायच्या तेवढा आधी स्पार्क. तुला १५-१८ दिसले तर डिस्ट्रिब्युटर थोडा थोडा घड्याळाच्या दिशेने फिरव, रेस उतरेल, आणि उतरता उतरता खूण आपोआप आणखी मागे सरकत गेली तर रेस चढली की स्पार्क आणखी लवकर पाडणारी रोटरखालची वजनं आयडललाच उघडतायत. आधीच्या मालकाने हलक्या स्प्रिंगा घातल्या असणार, पिकअपसाठी घालतात लोक. मग काय होतं, वजनं उघडतात म्हणून रेस चढते आणि रेस चढली म्हणून वजनं आणखी उघडतात. रोटरचे दोन स्क्रू काढलेस की स्प्रिंगा समोरच दिसतात, बदलायला अर्धा तास. नंतर स्क्रू परत आत घेऊन ड्राइव्हमध्ये ६०० लाव, पार्किंग ब्रेक लावून, चाकांना ठोकळे लावून, वहिनींना ब्रेकवर बसवून, आणि तू गाडीपुढे अजिबात उभा राहू नकोस.

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉइटच्या वुडवर्ड रस्त्यावर ड्रीम क्रूझसाठी, जुन्या गाड्यांच्या त्या फेरीसाठी, आणायची म्हणतोस ना, तिथे तासन् तास मुंगीच्या चालीने गाडी सरकते, त्या दिवशी सगळ्यात जास्त उपयोग आयडलचाच. त्याआधी एक शनिवार मी टायमिंग लाइट आणि स्प्रिंगांचा सेट घेऊन तुझ्याकडे येतोच. तोवर मॉड्युलेटरची नळी ओली आहे का, आणि लाइटवर किती डिग्री दिसतात, एवढं दोन्ही कळव, त्यावरून गास्केटही घेऊन यायचं का ते ठरवतो.

तुझा,
नंदू