'डिमॉलिशन'चा उल्लेख हवा होता

महोदय,

हेवी मेटल या रॉक संगीतप्रकारावरील आपल्या पुरवणीतील लेख आवडला. मात्र १९८०च्या सुमारास ब्रिटनमध्ये उसळलेल्या नव्या लाटेचा आढावा घेताना त्यात 'गर्लस्कूल' या महिलांच्या बँडचे नावही नसावे, याचे मनापासून वाईट वाटले. दक्षिण लंडनच्या किम मॅकॉलिफ, एनिड विल्यम्स, केली जॉन्सन आणि डेनिस ड्यूफोर्ट या चौघींचा 'डिमॉलिशन' हा पहिला अल्बम १९८०मध्ये आला आणि ब्रिटिश विक्रीयादीत २८व्या क्रमांकापर्यंत पोहोचला. त्याआधीच्या वर्षी त्यांनी 'मोटरहेड'सोबत दौरा केला होता, म्हणजे दुसऱ्याच बँडसाठी जमलेल्या श्रोत्यांसमोर रोज रात्री उभे राहण्याची तालीम त्यांना मिळाली होती, आणि ती या अल्बममध्ये ऐकू येते. व्हिक मेल यांच्या निर्मितीत कुठेही रंगरंगोटी नाही. जॉन्सन यांची गिटार गाण्याला चिरत पुढे येते, आणि ड्यूफोर्ट यांचे ड्रम तिला क्षणभरही सैल सोडत नाहीत. 'गन' या बँडचे 'रेस विथ द डेव्हिल' हे जुने गाणे त्यांनी इतक्या हक्काने वाजवले आहे की ते त्यांचेच वाटावे.

'मुलींचा बँड' म्हणून त्यांना वेगळ्या कप्प्यात टाकणे मला अन्यायाचे वाटते, कारण त्या काळच्या कोणत्याही पदार्पणाच्या अल्बमशेजारी 'डिमॉलिशन' ताठ मानेने उभा राहतो. जॉन्सन यांचे २००७मध्ये निधन झाले. या चौघींच्या वादनावर आपण स्वतंत्र लेख छापावा, ही विनंती.

- एक नियमित वाचक